दिवाडी: बेटाचा आराखडा बांधापासून

दिवाडीचा विषय निघाला की आपल्या मंडळाच्या बैठकीत दोन गट पडतात. एकाला सप्तकोटेश्वराच्या मूळ जागी काहीतरी भव्य उभे राहिलेले हवे असते. दुसरा म्हणतो, काही नको, बेट आहे तसेच राहू दे. मागच्या बैठकीत एका तरुण सभासदाने मला थेट विचारले, "काका, तुम्ही इंजिनियर. या बेटाचा पर्यटन आराखडा तुमच्या हाती दिला तर पहिली रेघ कुठे ओढाल?" मी म्हटले, बांधावर. लोक हसले, चहा आला, विषय तिथेच राहिला. त्या उत्तराचा खुलासा करण्यासाठी हा लेख.

ज्यांनी बेट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. जुन्या गोव्याच्या वाइसरॉय कमानीखालून धक्क्यावर उतरलात की समोर नदीपलीकडे दिसते ते दिवाडी. तिसवाडी तालुका, मांडवीचे पात्र, शेजारी चोडण. पियदाद, मळार, नार्वे अशी वस्ती, आणि गोल्ती-नावेली व सां मातियश अशा दोन पंचायती. वाहनाने जायचे तर फेरीबोट: एक जुन्या गोव्याहून, एक रायबंदरहून, एक डिचोलीच्या बाजूच्या नार्व्याहून. पूल नाही. कोकण रेल्वे मात्र बेटावरून जाते, पण थांबत नाही. करमळी स्थानकावर उतरून फेरीनेच यायचे.

बेटावरचे नार्वे आणि डिचोलीतले नार्वे यांत घोळ करू नये. कदंबांचा कुलदेव सप्तकोटेश्वर मूळचा बेटावरच्या नार्व्याचा. बहमनींच्या काळात देऊळ पडले, विजयनगरच्या अमलात माधव मंत्र्याने पुन्हा उभे केले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. लिंग नदीपलीकडे हिंदळ्याला नेले, आणि देवामागोमाग गावाचे नावही पलीकडे गेले. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अलीकडे, २०२३ मध्ये, त्या देवळाचे पुन्हा मोठे काम पुरे झाले.

पर्यटन म्हटले की आपल्याला नवे काही वाटते. दिवाडीला माणसांची गर्दी नवी नाही. नार्व्याला गोकुळाष्टमीचे तीर्थस्नान आजही होते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पियदादला बोंदेरां असतो, वाड्यावाड्यांच्या निशाणांचा सण, आणि गंमत म्हणजे तो मुळात हद्दीच्या भांडणांची आठवण आहे. त्या दिवशी बेट भरून जाते. पण या जुन्या गर्दीचा एक गुण बघा: ती एक दिवस येते आणि परत जाते. बेटाचे पाणी, बेटाची जमीन ती धरून बसत नाही. आज ज्याला आपण पर्यटन म्हणतो त्याला खोल्या लागतात, पोहण्याचा तलाव लागतो, गाडी दारापर्यंत लागते. फरक इथून पडतो.

आता बांध.

दिवाडीची जमीन दोन प्रकारची. मध्ये टेकडी, तिच्या उतारावर घरे, माड, आंबे, विहिरी. ही मोरड. भोवताली सपाट शेते, ती खाजने. फेरीतून उतरून पियदादकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी हिरवीगार पसरट शेते दिसतात, जिथे सगळे गाडी थांबवून फोटो काढतात, ती नैसर्गिक जमीन नव्हे. भरतीच्या वेळी नदीचे पाणी त्या शेतांच्या पातळीपेक्षा वर असते. आपण कधीकाळी नदीतून मागून घेतलेल्या जमिनीवर उभे असतो. ती नदीत परत जात नाही, कारण भोवती मातीचा बांध आहे.

मांडवीच्या या भागात मोठ्या भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर धरा. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. बांधाने भरती अडवली, ठीक. पण पावसाळ्यात टेकडीवरून उतरणारे गोडे पाणी बाहेर कसे काढायचे? त्यासाठी बांधात मानस असते, कोकणीत मानशी. चिऱ्याच्या दोन भिंती, मध्ये टणक लाकडाची झडप, वरच्या बाजूला अडकवलेली आणि नदीकडे उघडणारी. ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, झडप बाहेर ढकलली जाते, पाणी निघून जाते. भरती सुरू झाली की नदीचे पाणीच झडप दाबून बंद करते. वीज नाही, पंप नाही, बटण दाबायला माणूस नाही. कॉलेजात आम्हाला 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' शिकवला तेव्हा परदेशी पुस्तकातली आकृती होती. घरापासून दोन कोसांवर तो शतकानुशतके चालू होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

मानशीच्या आत पाण्याचा साठा असतो, त्याला पोंय म्हणतात. तिथे मासळी, कोळंबी वाढते. शेतात सरदीचे भात. खारेपणा सोसणारे कोरगूट हे इथले जुने बियाणे.

ही सगळी यंत्रणा सांभाळायचे कोण? गावकरी संस्था, पुढे जिला कोमुनिदाद म्हटले गेले. आफोंसो मेशियाचा १५२६ चा फोराल तिसवाडीच्या गावांच्या चालीरीती नोंदवतो, म्हणजे संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. शेते लिलावाने कसायला द्यायची, त्या उत्पन्नातून बांधाची राखण आणि डागडुजी करायची, उरले ते गावकारांत वाटायचे. बांधाचा खर्च आधी, वाटणी नंतर, हा क्रम महत्त्वाचा. हिशेबाच्या वहीत कुठली ओळ वर लिहायची हे आपल्या पूर्वजांना पक्के माहीत होते.

१९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले, पुढे कसेल त्याची जमीन झाली. ते न्यायाचेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोमुनिदादचे शेतीचे उत्पन्न आटले आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. त्यांच्या हाती उत्पन्न काय, तर मुख्यत्वे मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव. इथे गणित फिरले. लिलाव घेतलेल्या ठेकेदाराला भात नको, मासळी हवी. भरतीच्या वेळी झडप उघडी ठेवली की मासळी आत येते. त्याबरोबर खारे पाणीही येते. एक-दोन हंगाम खारे पाणी बसले की शेत पडीक. शेत पडीक झाले की बांध बघायला कोणी जात नाही. बांध फुटला की कांदळवन आत शिरते, आणि एकदा कांदळवन उभे राहिले की कायद्याने ते तोडता येत नाही. बांधाच्या बाहेरचे कांदळवन लाटांपासून राखण करते, आतले शेत गिळते. दोन्ही एकाच झाडाची कामे. 'कांदळवन वाचवा' म्हणणाऱ्या पाहुण्यांना हा भेद समजावताना माझी अर्धी सकाळ जाते.

त्यात नदीतल्या वाहतुकीची भर. खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी या नदीकाठचे बांध कित्येक वर्षे खाल्ले. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तशा बार्जेस कमी झाल्या. त्यांची जागा हौशी वेगवान बोटींनी घेऊ नये. लाट कोणाची आहे हे माती विचारत नाही.

मासेमारीच्या ठेकेदाराची गोष्ट एवढी लांबवण्याचे कारण आहे. पर्यटन हा बेटाचा दुसरा ठेकेदार. तो बेटाचे देखणेपण विकतो. ते देखणेपण म्हणजे ती हिरवी शेते, ते पाणपक्षी, पाण्याच्या कडेने जाणारी वाट. हे सगळे बांधामुळे आहे, आणि बांधाच्या खर्चात पर्यटनाची एक दमडी नाही. रिसॉर्टच्या जाहिरातीत खाजनाचा फोटो असतो. खाजनाच्या वहीत रिसॉर्टचे नाव नसते. बेटाचा कुठलाही आराखडा मी याच एका प्रश्नावर तपासतो: यात बांधाचा खर्च कोण आणि कशातून देणार? उत्तर पान तीनच्या आत सापडले नाही, तर पुढची रंगीत चित्रे बघत नाही.

आता 'किती माणसे' हा प्रश्न. 'धारणक्षमता' हा शब्द आजकाल सगळे अहवाल वापरतात, पण ती काढायची कशी हे थोडेच सांगतात. कोस्टारिकातल्या संरक्षित क्षेत्रांसाठी मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये एक सोपी रीत मांडली. ती बांधावरच्या वाटेला लावून दाखवतो. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

समजा एक किलोमीटर बांधाची वाट आहे. आठ जणांचा गट, आणि दोन गटांची सुरुवात शंभर मीटरच्या अंतराने, म्हणजे पक्षी उडणार नाहीत आणि माणसालाही शांत वाटेल. एका वेळी दहा गट, ऐंशी माणसे. फेरीला एक तास, दिवसाचे दहा तास. झाली आठशे माणसे. ही नुसती जागेची क्षमता. राजकारण्याला आवडणारा आकडा हाच.

आता कात्री लावा. वर्षातले चार महिने बांध निसरडा आणि मऊ, त्यावर चालणे म्हणजे तो मोडणे. दोन तृतीयांश उरले. दहा तासांपैकी चार तास ऊन असे की कोणी चालणार नाही. साठ टक्के उरले. लावणी-कापणी, बांधाची डागडुजी, मानशीचे काम यांसाठी काही दिवस वाट बंद. तीन चतुर्थांश धरा. आठशेचे झाले दोनशे चाळीस. ही खरी क्षमता.

तिसरी पायरी लोक विसरतात. सांभाळायला माणसे किती? दोनशे चाळीस म्हणजे तीस गट. एक वाटाड्या दिवसात दोन गट नेईल, तर पंधरा वाटाडे हवेत. गावात तयार आहेत पाच. म्हणजे क्षमतेचा तिसरा हिस्सा: ऐंशी. आठशेवरून आपण ऐंशीवर आलो, आणि यात कोणाचे मत नाही, साधा गुणाकार आहे. क्षमता वाढवायची असेल तर आधी वाटाडे तयार करा. काँक्रीट ओतून ती वाढत नाही.

चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासून, क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर. तिथे कांदळवनातल्या खाडीत होडीने जायचे तर भरती हवी. ओहोटीला होडी चिखलात. पर्यटकाला हे पटत नाही, त्याने सकाळी दहाची वेळ ठरवलेली असते. पण नदीचे वेळापत्रक दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. बेटावरच्या आराखड्यात पहिले परिशिष्ट भरती-ओहोटीच्या तक्त्याचे असावे, असे मी म्हणतो ते याचसाठी.

पाण्याचाही हिशेब करू. आपल्याकडचे भारतीय मानक घरगुती वापराला माणशी रोज १३५ लिटर धरते आणि हॉटेलात एका खाटेला १८०. यात पोहण्याचा तलाव आणि हिरवळ नाही. पन्नास खाटांचे हॉटेल म्हणजे रोज नऊ हजार लिटर, तेही कडक उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा विहिरी खाली गेलेल्या असतात. टेकडीवरचा जांभा पावसाचे पाणी पिऊन उतारावरच्या विहिरींना देतो. पण जांभा सच्छिद्र. वर शोषखड्डा काढला तर तो सांडपाणीही तसाच खाली देतो, शेजाऱ्याच्या विहिरीत. पंचायतीच्या ना-हरकत दाखल्यात ही ओळ नसते.

आणि भराव. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेच्या गोव्यातल्या मार्गावरून मोठे आंदोलन झाले, १९९३ मध्ये काही काळ काम थांबवून ओझा आयोग नेमला गेला. वारसा, वस्ती, खाजने असे बरेच मुद्दे होते. रेल्वेने दिवाडी ओलांडलीच. त्याच सुमारास मी एका ठेकेदार कंपनीत होतो, दुसऱ्याच एका नदीकाठी, एका जोडरस्त्याच्या भरावावर. हिशेबाप्रमाणे भराव बसायला हवा होता त्याच्या दुप्पट बसला. खाली समुद्री चिखल, दहीच जणू. आम्ही आणखी माती टाकली, तो आणखी बसला, आणि शेजारचे शेत फुगून वर आले. तिथला एक म्हातारा शेतकरी रोज येऊन बघायचा. एक दिवस म्हणाला, "साहेब, तुम्ही एका ताटात टाकता, दुसऱ्या ताटात वाढतंय." साहेबाला तेव्हा राग आला होता. दिवाडीच्या खाजनातला रस्ता रुंद करण्याची भाषा ऐकली की मला तो माणूस आठवतो.

म्हणून फेरीबोट. पर्यटन सल्लागार तिला अडचण म्हणतात. मी तिला बेटाचे माप म्हणतो. समजा एका फेरीत आठ चारचाकी मावतात आणि तासाला तीन फेऱ्या होतात, तर तासाला चोवीस गाड्यांपेक्षा जास्त बेटावर येऊच शकत नाहीत. वेगळा कायदा नको, पोलीस नको. पूल झाला की हे माप गेले. मग गाड्या मोजायच्या, थांबवायच्या, त्यांना जागा द्यायची, आणि जागा म्हणजे खाजनात भराव.

पण इथे जपून बोलले पाहिजे. मी मुख्य भूमीवर राहतो. रात्री दोन वाजता आईला छातीत दुखू लागले आणि फेरी पलीकडे उभी आहे, हा अनुभव बेटावरच्या माणसाचा. पूल हवा की नको हा वाद बेटावर जुना आहे, आणि पूल मागणारा माणूस वारशाचा शत्रू नाही. फेरीचे देखणेपण सांगणाऱ्या आम्हा हौशी मंडळींनी तिच्यासाठी रांगेत उभे राहून नोकरी केलेली नसते. तेव्हा फेरी ठेवायची असेल तर ती रहिवाशाला पुलाइतकी भरवशाची करून द्यावी लागेल: रात्रभर सेवा, रुग्णासाठी दोन्ही काठांवर तयार बोट, रहिवाशाच्या वाहनाला वेगळी रांग. पाहुण्याची गाडी जुन्या गोव्याच्या बाजूला राहू दे. शव-प्रदर्शनाच्या वेळी, दर दहा वर्षांनी, जुने गोवे लाखोंची गर्दी सांभाळते. गाड्या दूर थांबवून माणसे आत आणायचा सराव तिथे आहे. बेटावर पाहुणा पायी नाहीतर सायकलने फिरेल. आणि पाहुण्याच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा थेट बांधाच्या खात्यात जमा होईल, सरकारी तिजोरीला वळसा न घालता. बांधाचा खर्च आधी, वाटणी नंतर: जुनाच क्रम.

राहायचे कुठे? बेटावर जुनी घरे आहेत, बरीच बंद, मालक लिस्बनला नाहीतर आखातात. बाल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्या, मागे परसू. नवे बांधण्याआधी यातली किती उघडता येतील ते मोजावे. घरटी दोन-तीन खोल्या, तलाव नाही, विहीर मोजून. खाजनात तर बांधकाम नाहीच. २०११ च्या किनारी नियमनाच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी तशी स्वतंत्र तरतूद होती. टेकडीवर पियदादचे चर्च आहे, गोमंतकीय पाद्री आंतोनियो जुआंव द फ्रियस यांच्या नावे त्याचा आराखडा सांगितला जातो. त्याच्या स्मशानभूमीत कदंबकालीन कोरीव छत असलेले छोटे चॅपेल आहे. ज्याला बेटाचा इतिहास एका जागी बघायचा आहे त्याने तिथे पंधरा मिनिटे मान वर करून उभे राहावे. मोठ्या स्मारकाने जे सांगायचे ते त्या छतात आधीच आहे.

राहिला सप्तकोटेश्वराच्या मूळ जागेचा प्रश्न. सरकारने कोटितीर्थ कॉरिडॉरची कल्पना मांडली, त्यावर बेटावर नाराजीही दिसली. मला विचाराल तर, त्या जागेची नीट पाहणी व्हावी, अवशेष नोंदले जावेत, कुंपण आणि एक चांगला माहितीफलक लागावा. देवाचे स्थान म्हणून तिथे माणसे येतील, येऊ देत; पूर्वीही येत होती. पण तिथली कुठलीही इमारत वरच्या तीन हिशेबांतून गेली पाहिजे: पाणी किती, गाड्या किती, बांधाला किती. बैठकीत काही जणांना माझे हे बोलणे थंड वाटले. श्रद्धेच्या विषयात लिटर कसले मोजता, असे एकाने विचारले. ज्या राजांचा हा देव, त्यांच्याच मुलखातल्या माणसांनी भरतीची पातळी बोटभरही न चुकता बांध घातले होते, एवढेच मी त्यांना सांगितले.

मंडळाने सध्या एक लहान काम हाती घेतले आहे. बेटावरच्या मानशी नकाशावर टिपायच्या, प्रत्येकीची झडप लाकडाची की लोखंडाची, चालू की अडकलेली, आतले शेत पिकते की पडीक, एवढ्या चार नोंदी. पुढचा फेरफटका ओहोटी गाठून ठेवू, म्हणजे झडप उघडताना बघता येईल. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर भेटायचे, गाड्या अलीकडे ठेवायच्या. जुने बूट घाला, चिखल घोट्यापर्यंत येतो.